संगीतकारांची प्रेमकथा कशी लिहावी: पुण्यात बसून लिहिणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

संगीतकारांच्या प्रेमकथा लोक शोधून शोधून वाचतात. खरं तर कागदावर गाणं ऐकू येत नाही. वाचकाला यमन येत नसेल, तर ‘तिने यमन सुरू केला’ या वाक्याने त्याच्या कानात काहीही वाजत नाही. तरीही तो पान उलटतो, कारण त्याला एक ऐकणारं माणूस बघायचं असतं. आपलं रोजचं बोलणं कुणी इतक्या बारकाईने ऐकत नाही. तबलजी मात्र गायिकेचा श्वास ऐकतो. ती कुठे थांबेल, कुठे उचलेल, आज तिचा आवाज का जड आहे, हे त्याला तिच्या घरच्यांच्या आधी कळतं. आपल्याला कुणीतरी असं ऐकावं ही फार जुनी आणि फार खोल इच्छा आहे. या प्रकारच्या कथेची सगळी ओढ तिथून येते.

मराठीला ही ओढ नवी नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’चा प्रयोग केला आणि मराठी संगीत रंगभूमी उभी राहिली. ती उभी राहिली एका प्रेमकथेवर, पदांच्या आधाराने. प्रेम आणि गाणं एकत्र ऐकायची सवय आपल्या प्रेक्षकाला तेव्हापासून आहे. कादंबरीत मात्र ते काम अवघड होतं, कारण रंगमंचावर गाणारा माणूस समोर असतो आणि कादंबरीत फक्त शब्द असतात. ते काम टप्प्याटप्प्याने कसं करावं, ते पुढे मांडते आहे.

पहिली पायरी: एकच संगीत निवडा

‘नायक संगीतकार आहे’ एवढ्याने भागत नाही. तो काय वाजवतो, कुणाबरोबर, कुठे आणि आठवड्यातल्या कुठल्या वेळी, यावर त्याच्या प्रेमाचं वेळापत्रक ठरतं. पुण्यात निवडीला तोटा नाही. ख्याल आहे, नाट्यसंगीत आहे, भावगीतांचे कार्यक्रम आहेत, नारदीय कीर्तन आहे, महाविद्यालयांचे बँड आहेत, फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी रात्र रात्र तालमी करणारी मुलं आहेत. आणि ढोल-ताशा पथकं आहेत, ज्यांच्याकडे प्रेमकथा लिहिणारे अजून फारसे वळलेले नाहीत.

पथकाबद्दल जरा थांबून सांगते, कारण तिथे कथेचं सामान हाताशी आहे. गणपतीच्या कित्येक आठवडे आधी सराव सुरू होतो. मुठेच्या पात्रात संध्याकाळी पथकं जमतात. नोकरी करून आलेली मुलगी आणि अकरावीतला मुलगा एकाच ओळीत उभे असतात. ढोल कमरेला बांधायचा तर पाठीमागून आवळायला दुसरं माणूस लागतं. कुणी कुणाचा ढोल बांधायचा, हे पहिल्या आठवड्यात कोण मोकळं आहे त्यावर ठरतं आणि चौथ्या आठवड्यात ते वेगळ्याच कारणाने ठरलेलं असतं. आवाज इतका मोठा की बोलणं अशक्य. सगळं डोळ्यांनी आणि हाताच्या खुणांनी चालतं. ताशाची तर्री (त्यावरचा जलद बोल) बदलली की ढोलावर टिपरूचे (ढोल वाजवायच्या काठीचे) ठोके बदलायचे, म्हणजे ताशा वाजवणाऱ्याकडे बघत राहणं हे कामच असतं. ज्या मुलीला एका मुलाकडे तासभर टक लावून बघण्याचा अधिकृत परवाना हवा आहे, तिच्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. बोटांना फोड येतात, चिकटपट्टी कोण आणतं ते लक्षात राहतं. आणि अनंत चतुर्दशीनंतर एकदम सगळं थांबतं. आता भेटायला निमित्त काय? तुमच्या कथेचा मध्यबिंदू तुम्हाला फुकट मिळाला.

ख्याल निवडलात तर गती उलटी होते. तिथे वर्षं लागतात. दोन माणसं एका गुरूकडे आठ वर्षं शिकतात आणि गुरूच्या मागे दोन बाजूंना तानपुरे घेऊन बसतात. दोघांच्याही समोर गुरूची पाठ. एकमेकांकडे पाहायची सोय नाही, पण एकाचा तानपुरा उतरला तर दुसऱ्याला आधी कळतं.

एका कथेत एकच संगीत घ्या. नायिका ख्याल गाते, नायक गिटार वाजवतो आणि शेवटी दोघं ‘फ्यूजन’ करतात, ही वाट फार लोकांनी तुडवली आहे. ती घ्यायचीच असेल, तर गिटारवाल्याला भारतीय स्वर लावताना काय अडचण येते हे आधी शिका.

दुसरी पायरी: कामाचा दिवस शिकून घ्या

कथेतला संगीतकार बहुतेक वेळा फक्त रंगमंचावर दिसतो. खरा संगीतकार बहुतेक वेळ रंगमंचावर नसतो. पुण्यातला तिशीतला तबलजी घ्या. सकाळी रियाज, मग शिकवण्या, दुपारी एखाद्या नृत्यवर्गाला साथ, संध्याकाळी कोथरूडहून सहकारनगरला स्कूटर. तबल्याची बॅग पायाशी, डग्गा मागे बांधलेला. फोनवरचा महत्त्वाचा प्रश्न ‘कसा आहेस?’ हा नसतोच. ‘बारा तारखेला मोकळा आहेस का?’ हा असतो. कार्यक्रमानंतर मिळणारं पाकीट कधी लगेच, कधी महिन्याने. घरी कुणीतरी विचारतं, नोकरीचं काय झालं. हे सगळं कथेत आलं की त्याच्या हातातली सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, महाग वाटायला लागते.

वाद्यांची शरीरंही शिकून घ्या, कारण प्रेमकथा शेवटी शरीरांचीच असते. पावसाळ्यात तबल्याचं चामडं सैल पडतं आणि स्वर उतरतो. वातानुकूलित सभागृहात आल्यावर तानपुरा काही वेळ हट्ट करतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी (तारेचा झंकार) उघडतात, मणी सरकवून स्वर बारकाईने जुळवतात. दोन माणसं एक तानपुरा लावत असतील तर एक खुंटी फिरवतो आणि दुसरा डोळे मिटून ‘अजून... अजून... बस’ म्हणतो. हा प्रसंग कुठल्याही बागेतल्या भेटीपेक्षा जवळचा आहे.

अजून एक तपशील द्यायचा मोह आवरत नाही. पुरुषांची पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या ज्या पट्टीवर धरतात ती, साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास असते, बायकांची काळी चार, काळी पाच. तबला त्या त्या स्वरात लागावा लागतो, म्हणून वेगवेगळ्या तोंडाचे तबले ठेवावे लागतात. ‘काळी चारचा तबला’ असं तबलजी सहज म्हणतात. आता समजा, एका तबलजीचं एका गायिकेबरोबरचं काम तुटलं आहे. काळी चारला गाणारं दुसरं कुणी त्याला बोलावत नाही. तरीही तो दर रविवारी तो तबला काढतो, हातोडीने गट्टे ठोकून स्वरात आणतो आणि परत गवसणीत ठेवतो. ‘त्याला तिची आठवण येत होती’ हे वाक्य आता लिहावंच लागत नाही.

हे शिकायचं कसं? बैठकीला जा. छोट्या सभागृहातल्या, घरगुती, कमी तिकिटाच्या बैठका पुण्यात नेहमी असतात. मध्यभागी बसू नका, बाजूला बसा; तिथून साथीदारांचे हात आणि गायकाची कड दिसते. मोबाइल बंद ठेवा. वहीत रागाचं नाव लिहून झालं की सूर सोडून बाकीचं लिहा: कुणी कुणाला पाणी दिलं, कोणाकडे बघून मान हलवली, चूक झाली तेव्हा कोण हसलं. एखाद्या तबला दुरुस्तीच्या दुकानात परवानगी काढून दुपारभर बसा. तबल्याची पुडी (वरचं चामडं) बदलायला आलेला माणूस आपल्या वाद्याबद्दल कसा बोलतो ते ऐका. एखाद्या संगीतकाराला भेटणार असाल तर ‘संगीत म्हणजे तुमच्यासाठी काय’ असलं काही विचारू नका. ‘कालचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांगा’ एवढंच विचारा.

तिसरी पायरी: जोडीचं कामाचं नातं ठरवा

आधी कामाचं नातं, मग प्रेमाचं. गायिका आणि तबलजी ही जोडी लोकप्रिय आहे, कारण तिथे आव्हान आणि सांभाळणं दोन्ही आहे. मला स्वतःला गायिका आणि हार्मोनियमवादक ही जोडी जास्त समृद्ध वाटते. हार्मोनियमवाल्याचं काम सावलीचं असतं. ती जे गाते ते क्षणभर मागून वाजवायचं, तिने श्वास घेतला की ती जागा भरून काढायची, पण तिच्या पुढे जायचं नाही. तिची पुढची कल्पना त्याला आधी सुचली तरी ती गिळायची. चांगला साथीदार रोज हे करतो. आता हाच माणूस तिच्या प्रेमात आहे आणि तिला अजून कळलेलं नाही. तो हातातलं वाक्य गिळतो तसंच तोंडातलंही गिळतो. कधीतरी एका मैफलीत त्याच्याकडून ती मर्यादा मोडली जाते, तिच्या आधी बोट एका स्वरावर जातं आणि ती वळून बघते. त्या एका स्वरावर तुमचं अर्धं पुस्तक उभं राहू शकतं.

गुरू आणि शिष्या यांच्या प्रेमाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडच्या कथांनी या नात्याला फार गोंजारलं आहे. ज्याच्या हातात तुमची विद्या, तुमच्या मैफली, तुमचं नाव आहे, तो माणूस प्रेम मागतो तेव्हा ‘नाही’ म्हणायची किंमत काय असते, हे संगीतातल्या मुलींना माहीत आहे. हा विषय घ्यायचा असेल तर ती किंमत पूर्ण लिहा. ती लिहायची नसेल तर दुसरी जोडी निवडा. एकाच गुरूच्या दोन शिष्यांत सगळं नाट्य आहे, आणि दोघं बरोबरीने उभे आहेत.

खऱ्या कलाकारांवर बेतलेल्या, नावं बदलून लिहिलेल्या प्रेमकथाही टाळाव्यात असं मला वाटतं. इतिहास जरूर वाचा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने बडोदा सोडून एकत्र निघून आले आणि पुढे वेगळे झाले. त्यांच्या मुलांपैकी सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर या दोघांनी त्या घराण्याची गायकी पुढे नेली. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांत हिराबाईंचं नाव घेतलं जातं. प्रेम, धर्म, घर, विद्या आणि स्त्रीचं रंगमंचावर बसणं हे सगळं त्या एका घराच्या इतिहासात आहे. त्यातून शिकायचं ते एवढंच की संगीतातल्या प्रेमाची किंमत दोन पिढ्यांपर्यंत पोचते. माणसं मात्र तुमची स्वतःची हवीत.

नावांबद्दल एक छोटी गोष्ट. नायक निषाद, नायिका बागेश्री, बहीण रागिणी असं करू नका. संगीताच्या घरात एखादं असं नाव असतंच, ते एकच ठेवा.

चौथी पायरी: अडथळा संगीतातूनच येऊ द्या

जातीचा विरोध, श्रीमंत बाप, गैरसमजाची चिठ्ठी, हे अडथळे कुठल्याही प्रेमकथेत चालतात. संगीताच्या कथेत अडथळा असा हवा, जो दुसऱ्या कुठल्या धंद्यात निर्माणच झाला नसता.

पट्टीचाच प्रश्न घ्या. पुरुष आणि स्त्री यांनी एकत्र ख्याल गायचा तर कुणाच्या ‘सा’ने गायचं? एकाच्या पट्टीत दुसऱ्याचा आवाज एकतर खाली घुसमटतो किंवा वर ताणला जातो. कुणीतरी स्वतःच्या आवाजाची जागा सोडायची. यापेक्षा नेमका संसाराचा प्रश्न कुठला कादंबरीकार शोधून काढणार? पंडित जसराजांनी यावर मूर्च्छनेचा, म्हणजे त्याच स्वरांतला दुसरा स्वर ‘सा’ मानण्याचा, आधार घेऊन एक तोड काढली, ती जसरंगी या नावाने ओळखली जाते. दोघं एकाच वेळी आपापल्या पट्टीत आपापला राग गातात. पुरुषाचा मध्यम (‘म’) हा स्त्रीचा षड्ज (‘सा’) होतो. त्याची पट्टी काळी दोन असेल तर तिची काळी चार. आणि त्याचा ‘सा’ तिच्यासाठी पंचम (‘प’) ठरतो. कुणीच आपला ‘सा’ सोडत नाही. असली जुगलबंदी बसवताना भांडणारी, पुन्हा पुन्हा घसरणारी जोडी मला कुणीतरी लिहिलेली वाचायची आहे.

बाकीचे अडथळे थोडक्यात. घराणी वेगळी, त्यामुळे एकाच रागाकडे बघण्याची नजर वेगळी. एकाला मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं, दुसऱ्याला नाही. तिच्या नव्या दौऱ्यात आयोजकांना नावाजलेला तबलजी हवा आहे. ‘लग्नानंतर गाणं चालू ठेवणार ना?’ हा प्रश्न तिला विचारला जातो, त्याला नाही. आवाज बसला आणि डॉक्टरांनी मौन सांगितलं: ज्या दोघांचं नातं आवाजावर उभं आहे, त्यांनी आता काय करायचं?

पाचवी पायरी: प्रत्यक्ष गाणं लिहिणं

बहुतेक हस्तलिखितं इथे कोसळतात. ‘तिच्या स्वर्गीय आवाजाने सभागृह मंत्रमुग्ध झालं. तो तिच्याकडे पाहतच राहिला.’ या वाक्यांत ती नाही, तो नाही, सभागृहही नाही. कुठल्याही गायिकेला ही वाक्यं लागू पडतात.

आता तोच क्षण साथीदाराच्या जागेवरून लिहून बघू. विलंबित एकताल, बारा मात्रा. तबलजी विनय, गायिका शर्वरी. तबलजी गायकाच्या उजव्या हाताला बसतो हे ध्यानात ठेवा.

‘शर्वरी गंधारावर थांबली आणि तिथेच राहिली. अकरावी मात्रा गेली. एरवी तिने इथे मुखडा उचलला असता. विनयने हात हलका केला, ठेक्यात एकही जास्तीचा बोल घातला नाही. पुढच्या रांगेतल्या आजोबांची मांडीवर ताल धरणारी बोटं थबकली. बारावी मात्रा अर्धी सरली तेव्हा तिने शब्द उचलला, एका दमात घेतला, आणि सम दोघांकडून एकदमच पडली. तिने मान वळवली नाही. त्याच्या बाजूचा तिचा हात मांडीवरून जरासा उठला आणि परत टेकला. सहा महिन्यांत ती त्याच्याशी एवढं कधी बोलली नव्हती.’

या परिच्छेदात आवाजाचं एकही विशेषण नाही. वाचकाला एकताल माहीत असण्याची गरज नाही. काहीतरी उशिरा होतंय आणि एक माणूस घाई न करता वाट बघतोय, एवढं त्याला कळतं. तुमच्या प्रसंगासाठी हीच रीत वापरा. आधी कोण ऐकतंय ते ठरवा. मग त्या ऐकणाऱ्याला काय अपेक्षित आहे ते एका वाक्यात सांगा. मग ती अपेक्षा मोडा किंवा लांबवा. मग ऐकणाऱ्याने काय केलं ते लिहा. भावना सर्वांत शेवटी, आणि जमलं तर अजिबात नको.

पारिभाषिक शब्द किती वापरायचे? एका प्रसंगात दोन-तीन. ‘सम’ हा शब्द पहिल्याच प्रकरणात कृतीतून समजावून द्या, मग पुस्तकभर तो तुमचा. तान, गमक, मींड, मुरकी एकाच परिच्छेदात आले की जाणकार वाचकाला तो देखावा वाटतो आणि बाकीचे वाचक निघून जातात.

राग निवडताना वेळ सांभाळा. सकाळी भैरव, तोडी, दुपारी सारंग, तिसऱ्या प्रहरानंतर मुलतानी, सूर्यास्ताला पूरिया, मारवा, दिवेलागणीनंतर यमन, रात्री बिहाग, त्यानंतर मालकंस. मैफलीच्या शेवटी भैरवी. मारव्यात पंचम नाही आणि षड्जावर फार टेकायचं नसतं, त्यामुळे त्यात एक अस्वस्थ, घरी न पोचण्याची भावना राहते. वेगळं होण्याच्या प्रसंगाला तो राग का शोभतो हे आता तुम्हाला कारणासकट माहीत आहे. मालकंसातही पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावतात. नायक तिच्या खोलीत येतो, तानपुऱ्याची तार मध्यमात लागलेली ऐकतो आणि आज तिने कुठला राग घेतला असेल हे न विचारता ओळखतो, असं लिहिता येईल. तालात चुका करू नका. रूपकाच्या सात मात्रा असतात आणि त्याची सम कालावर, म्हणजे ‘खाली’ म्हणतात त्या डग्गा न घुमणाऱ्या मात्रेवर येते. ‘समेवर डग्गा घुमला’ असं रूपकात लिहिलंत की तबलजी वाचक पुस्तक मिटतो.

रात्रीच्या मैफलींबद्दल एक सावधगिरी. सवाई गंधर्वांच्या स्मृत्यर्थ १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशींनी सुरू केलेला महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा आणि पहाटेचे राग खरंच पहाटे ऐकायला मिळायचे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्या जागी ध्वनिवर्धकाला बंदी आली. राज्य सरकार वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. म्हणजे आजच्या कथेत दोघं मंडपात रात्रभर शाल पांघरून बसू शकत नाहीत. तसं हवं असेल तर कथा १९८० च्या दशकात न्या. आजच्या काळातली हवी असेल तर मैफल संपल्यानंतरची रात्र लिहा: मुकुंदनगरच्या मैदानातून बाहेर पडणारी गर्दी, थंडी, आणि ‘तुला सोडू का?’ हा प्रश्न.

सहावी पायरी: पुण्याचं सांगीतिक वर्ष हाच कथेचा कणा करा

कथानक कुठून सुरू करावं आणि कुठे नेऊन सोडावं हे सुचत नसेल तर कॅलेंडर समोर ठेवा. आषाढात गुरुपौर्णिमा: सगळे शिष्य एकत्र, प्रत्येकाने थोडं थोडं गायचं, नवीन आलेला विद्यार्थी पहिल्यांदा दिसतो. श्रावण-भाद्रपदात पथकं आणि गणेशोत्सवातले कार्यक्रम, कलाकारांची सगळ्यांत धावपळीची वेळ. दिवाळी पहाट: पहाटे उठून, नवे कपडे घालून, घरच्यांसकट सगळे सभागृहात, दोन्हीकडच्या आया एकमेकींना पहिल्यांदा इथेच दिसू द्या. डिसेंबरात सवाई. तिथे दिवसचे दिवस लोक ऐकतात, खातात, भेटतात, आणि महोत्सवाची सांगता खुद्द सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रणाने होते. हयात नसलेल्या माणसाचा आवाज आणि हजारो जिवंत माणसं शांत. उन्हाळ्यात परीक्षा, शिबिरं, काम कमी, हातात पैसे कमी: भांडणाचा मोसम. मग पुन्हा गुरुपौर्णिमा.

जागा ओळखीच्या घ्या, पण नुसती नावं पेरू नका. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडलं. नाटक आणि संगीत दोन्हीच्या कित्येक पिढ्या तिथे उभ्या राहिल्या. नायिकेची आजी तिथे कुठल्या रांगेत बसायची हे लिहिलंत तर जागा कामाला येते. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज किंवा विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये सुरू केलेलं पुण्यातलं गांधर्व महाविद्यालय, अशा संस्थांमध्ये शिकलेल्या माणसाची शिस्त वेगळी, घरी गुरूकडे शिकलेल्याची वेगळी, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून आलेल्याची आणखी वेगळी. हा फरक पात्रांच्या बोलण्यात येऊ द्या.

सातवी पायरी: संवाद

संगीतातली माणसं एकमेकांशी कामाच्या वेळी अहो-जाहो करतात, वय सारखं असलं तरी. ‘तुम्ही जरा मध्य लयीत घ्याल का?’ असं शर्वरी विनयला म्हणेल. ‘तू’ पहिल्यांदा कोण म्हणतं आणि कुठे, हा प्रसंग जपून ठेवा. तो चुंबनाच्या प्रसंगाइतका मोठा होऊ शकतो. रंगमंचावर पुन्हा ‘तुम्ही’ म्हणावं लागतं तेव्हा दोघांनाही काय वाटतं, तेही लिहा. ज्येष्ठ गायकाला बुवा किंवा गुरुजी, गायिकेला ताई, साथीदाराला दादा. कौतुक थेट करत नाहीत. ‘आज गंधार छान लागला’ हे पुण्यात प्रेमपत्र समजलं जावं इतकं मोठं वाक्य आहे. ‘तुझं गाणं ऐकून मी वेडा झालो’ असं म्हणणारा तबलजी मला अजून भेटलेला नाही.

आठवी पायरी: गाण्याचे शब्द

लोकप्रिय गाण्याच्या ओळी प्रकरणाच्या सुरुवातीला टाकायचा मोह होतो. भारतात गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्या शब्दांवर हक्क राहतो. परवानगीशिवाय छापू नका. पारंपरिक बंदिशी घेता येतात. सर्वांत चांगलं म्हणजे स्वतः बंदिश रचा. ख्यालाची बंदिश छोटी असते: स्थायी आणि अंतरा, दोन-दोन ओळी पुरतात. दोन पात्रांनी मिळून एक बंदिश रचली, एकाने स्थायी केली आणि अंतरा सुचेना म्हणून ती महिनोन्महिने अर्धी राहिली, तर तुम्हाला शब्दांबरोबर कथानकही मिळतं.

नववी पायरी: शेवट आणि पुनर्लेखन

प्रेमकथेच्या वाचकाला दोघं एकत्र यायला हवी असतात आणि ती अपेक्षा मान्य करण्यात काही कमीपणा नाही. फक्त एक पाहा: दोघं एकत्र यावीत म्हणून कुणा एकाने संगीत सोडलं, असा शेवट करू नका. तो दुःखान्त आहे, मग लग्नाची पत्रिका कितीही सुंदर छापलेली असो. दोघंही आपलं काम करत राहतील अशी, थोडी अडचणीची, थोडी तडजोडीची सोय शोधा. शोधायला वेळ लागला तर लागू द्या.

पहिला खर्डा झाल्यावर संगीत असलेले सगळे प्रसंग रंगीत पेन्सिलीने अधोरेखित करा. प्रत्येक प्रसंगातून संगीत काढून तिथे चित्रकला किंवा स्वयंपाक घालून बघा. प्रसंग तसाच चालत असेल तर तो अजून लिहून झालेला नाही. मग दोन माणसांना वाचायला द्या. एक प्रत्यक्ष वाजवणारा किंवा गाणारा, दुसरा असा ज्याला भैरवी आणि यमन सारखेच वाटतात. पहिल्याला फक्त चुका विचारा: वेळ, पट्टी, बसण्याची जागा, मात्रा. दुसऱ्याला एवढंच विचारा की कुठल्या पानावर तुला मोबाइल बघावासा वाटला. पहिल्याने दाखवलेल्या चुका दुपारभरात दुरुस्त होतात. दुसऱ्याने दाखवलेल्या पानांना आठवडे लागतात, कारण तिथे बहुधा ऐकणारं कुणी नसतं, नुसतं कुणीतरी गात असतं.

कथा दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर उन्हाळ्यातच तयार ठेवा. संपादकांचं काम पावसाळ्याच्या आत सुरू झालेलं असतं.